धाकू शिवलकरची दुसरी साक्ष

बेहेरे वकिलांच्या तोंडात आपण मारली हे धाकूला आधी आवाजावरून कळलं, हाताची आग मागाहून झाली. शाळेच्या मोठ्या खोलीत वकिलांच्या देशोदेशींच्या व्याख्यानासाठी खिडक्यांना घोंगड्या ठोकून भर दुपारी काळोख केलेला होता. मध्ये मेजावर जादूचा कंदील तापून वास मारत होता आणि समोर ताणून बांधलेल्या ओल्या धोतरावर चित्रं पडत होती. कचेरीतला पट्टेवाला म्हणून धाकूला कंदिलापाशी उभं केलं होतं. वकिलांनी छडी आपटली की एक काच काढायची आणि दुसरी सरकवायची, एवढंच काम. बर्फाचे डोंगर झाले, वाळूचे डोंगर झाले, मग वकील म्हणाले, आता न्यूझीलंड, पृथ्वीचं पोट जिथे उघडं पडलं आहे तो देश. धाकूने काच सरकवली. धोतरावर वाफेचा खांब उभा राहिला आणि त्याच्या पुढे एक बाई. हनुवटीवर हिरवं गोंदण, खांद्यावर पिसांचं पांघरूण. ती रंगी नव्हती, पण रंगीसारखीच पाय रोवून उभी होती. वकिलांनी छडीचं टोक तिच्या हनुवटीला लावलं आणि सांगितलं की हिच्या आज्याने माणसं भाजून खाल्ली, ही स्वतः खात नसेल असंही छातीठोक सांगता येत नाही, तेव्हा पुढच्या रांगेतल्या मंडळींनी जपून बसावं. लोक हसले. छडी त्या गोंदणावर दोनदा थप थप आपटली. धाकू कंदील सोडून पुढे कधी आला हे त्यालाही कळलं नाही; मग तो आवाज झाला आणि वकील धोतरापाशी कोसळले.

लोकांनी त्याला काळोखातच धरलं. कोण मारतंय ते दिसत नव्हतं. पाठीत गुडघा बसला, कुणीतरी केस धरून डोकं जमिनीवर आपटलं, कुणाचा जोडा बरगडीत रुतला. घोंगड्या निघाल्या आणि उजेड आत आला तेव्हा मारणारे थोडे मागे सरले, जणू उजेडात एकमेकांची तोंडं पाहून लाजले. चौकीवर हवालदाराने वेत काढला. तळपायांवर वेत बसत असताना धाकूच्या मनात एक चमत्कारिक गोष्ट चालली होती. त्याला बरं वाटत होतं. प्रत्येक फटक्याबरोबर कुठेतरी आत घट्ट आवळलेली गाठ एकेका पिळाने सुटत होती, आणि हवालदार दमून थांबला तेव्हा धाकूला वाटलं, हा लवकर थांबला. कुणाच्या वतीने मारलीस, कुणी पढवलं, असं हवालदार विचारत राहिला. एका बाईच्या हनुवटीला छडी लावली म्हणून, असं सांगितलं असतं तर त्याने विचारलं असतं, ती तुझी कोण. आणि ती कोण ते सांगायला सात वर्षं मागे जावं लागलं असतं, समुद्राच्या टोकाला, जिथे जमीन पायाखाली शिजत होती.

धाकू रत्नागिरीजवळच्या भाट्याचा. बाप माडावर चढून माडी काढायचा, तोच धंदा थोरल्या भावाने धरला, आणि धाकू सोळाव्या वर्षी आगबोटीने मुंबईला गेला. तिथे लॅटिमर साहेबांच्या बंगल्यावर तो आधी हमाल होता, मग साहेबांचे कपडे, जोडे आणि बंदुका सांभाळायला लागला. लॅटिमर साहेब एका कापसाच्या कंपनीचे मोठे साहेब होते. मारायचे, पण तसे सगळेच साहेब मारायचे. पोटरीवर लाथ, कानफटात, एकदा तापलेल्या इस्त्रीचं टोक. धाकू ते पावसापाण्यासारखं धरून चालायचा. सत्तावीस साली साहेबांनी सुट्टी काढली, दोन मित्र आणि दोन मडमा जमवल्या आणि ठरवलं की या खेपेला विलायतेला न जाता न्यूझीलंडला जायचं, आगीचे डोंगर बघायचे, उकळते झरे बघायचे, जंगलात डुकरं मारायची, तिथल्या माओरी लोकांचे नाच बघायचे. पाच गोरी माणसं आणि सामान वाहायला धाकू. बोटीवर धाकू खालच्या तळाला झोपायचा आणि दिवसा वर साहेबांच्या बंदुकांना तेल लावायचा. बोटीवरच्या त्या सहा आठवड्यांत साहेबांनी त्याला एकदाही मारलं नाही, आणि धाकूला वाटलं होतं की समुद्र ओलांडला की माणूस बदलतो.

त्या गावाला धाकू मनातल्या मनात वाफेचं गाव म्हणायचा. घरांच्या मधून, वाटांच्या कडेने, एका देवळासारख्या कोरीव लाकडी घराच्या मागून जमिनीतून वाफ निघायची. चिखलाचे खड्डे होते, करडे, गुळाच्या काहिलीसारखे, त्यात बुडबुडे फुगून फुटायचे आणि फुटताना ओठ चाटल्यासारखा आवाज यायचा. सगळीकडे सडक्या अंड्याचा वास. पहिल्या दिवशी धाकू रत्नागिरीच्या सड्यावर चालतो तसा बिनधास्त चालायला लागला, कातळ तो कातळ. तेव्हा कुणीतरी मागून त्याच्या दंडाला धरून इतक्या जोराने ओढलं की तो पाठीवर पडला. ओढणाऱ्याने काही न बोलता एक धोंडा उचलला आणि धाकू जिथे पाय टाकणार होता तिथे टाकला. पांढरा पापुद्रा फुटला, धोंडा आत गेला आणि खालून उकळत्या पाण्याचा फवारा कमरेइतका उडाला. तो विरेमू. साहेबांच्या टोळीला वाट दाखवायला ठरवलेला माणूस, चाळिशीचा, रुंद, एका कानाचा तुकडा उडालेला. तो मोठ्या लढाईत गेला होता. तुर्कांच्या किनाऱ्यावर खंदकात असताना हिंदुस्थानातून गेलेल्या खेचरवाल्यांनी त्याला रोट्या खिलवल्या होत्या; धाकूला पाहताच त्याने आधी ते सांगितलं, जणू त्या रोट्या धाकूनेच भाजल्या होत्या. धाकूचं इंग्रजी बंगल्यावरचं, तुटकं. विरेमू हळू बोलायचा आणि हाताने दाखवायचा. संध्याकाळी साहेबलोक हॉटेलात गेले की तो धाकूला घरी न्यायचा. त्याची थोरली बहीण रंगी वेताच्या पिशवीत रताळी भरून दोरीने उकळत्या झऱ्यात सोडायची आणि गप्पा संपायच्या आत वर काढायची. रंगी हे नाव ऐकून धाकूला हसू आलं होतं, भाट्यात त्याच्या मावशीचं नाव रंगी. तसं त्याने सांगितल्यावर तीही हसली, आणि मग तिने पुढे होऊन त्याच्या कपाळाला कपाळ, नाकाला नाक लावलं आणि श्वास आत ओढला. परक्या बाईचा श्वास धाकूच्या नाकात गेला. तो घाबरून ताठ उभा राहिला. विरेमूने सांगितलं की आता तू पाहुणा राहिला नाहीस. एक श्वास दोघांत वाटला की माणूस घरचा होतो.

चौकीतून सोडलं तेव्हा धाकू भिंतीला धरून चालत होता. बेहेरे वकिलांनी फिर्याद लिहून दिली नव्हती, पण कचेरीतून निरोप आला होता की पट्टा आणि बिल्ला परत कर, आणि वकिलांच्या घरी जाऊन माफी माग, नाहीतर फिर्याद होईल. ती नोकरी त्याला लॅटिमर साहेबांच्या चिठ्ठीने लागली होती. इमानी माणूस आहे, मोक्याच्या वेळी डोकं शांत ठेवतो, असं साहेबांनी त्या चिठ्ठीत लिहिलं होतं. कचेरीतल्या कारकुनाने ते मराठीत वाचून दाखवलं होतं. आता बिल्ला काढून देताना छातीवरची जागा मोकळी झाली आणि तिथे वारा लागला. घरी त्याची बायको मालन दारात उभी होती. त्याला पाहून ती पुढे आली नाही. ती कधीच पुढे यायची नाही. हाताच्या अंतरावर उभी राहायची, तिला ती सवयच झाली होती. न्यूझीलंडहून परत आल्यावर दुसऱ्या वर्षी, एका एकादशीला तिने रताळी उकडायला ठेवली होती. धाकू बाहेरून आला, वाफ अंगावर आली आणि त्याने चुलीजवळची फुंकणी उचलून तिला मारली. खांद्याजवळचं हाड मोडलं. तिने ओरडून कारण विचारलं नाही, फक्त इतकंच म्हणाली की तुम्हाला नको होती तर सांगायचं. त्यानंतर त्या घरात रताळं शिजलं नाही. आता ती हाताच्या अंतरावर उभी राहून त्याचे सुजलेले पाय बघत होती. तिच्या हनुवटीवरही लहानपणी गोंदलेला एक हिरवा ठिपका होता. धाकूने सात वर्षांत तो नीट पाहिला नव्हता.

"माफी मागायला जाताव की नाय, तेवढं सांगा," ती म्हणाली. "नाय जाणार असाल तर मी जाईन. पण मग मला सांगायला लागेल, मारलंत कशापायी. मला मारलंत तेव्हाचंही मला ठावं नाय."

तो दुसऱ्या दिवशी सकाळी गेला. बेहेरे वकील ओटीवर बसले होते, गाल सुजून डोळा अर्धा झाकलेला, समोर कागद. धाकू खाली अंगणात उभा राहिला आणि हात जोडून म्हणाला की चुकलं. वकिलांनी मान हलवली. मग त्यांनी विचारलं, मी कोर्टात तीस वर्षं माणसं पाहतो आहे, दारू न प्यालेला माणूस विनाकारण मारत नाही, कारण काय. वकिलांनी पुन्हा विचारलं नाही. ते नुसते बघत राहिले, त्या एका डोळ्याने, आणि ते बघणं धाकूला हवालदाराच्या वेतापेक्षा जड गेलं. तो पायरीवर बसला. त्याला कुणी बस म्हटलं नव्हतं. म्हणाला, त्या बाया माणसं खात नाहीत, मी त्यांच्यात जेवलोय. आणि मग तोंड उघडलं ते मिटेना.

कबुतरापासून सुरुवात झाली होती. तिथल्या जंगलात एक मोठं हिरवं कबुतर असतं, पांढऱ्या पोटाचं, इतकं जाडं की फांदी वाकते. लॅटिमर साहेबांनी बंदूक उचलली. विरेमू म्हणाला की हे मारायला सरकारची बंदी आहे, आणि या टेकडीवर आमची माणसं पुरलेली आहेत, इथे तर काहीच मारत नाहीत. साहेबांनी ऐकलं नाही. तेव्हा विरेमूने हात पुढे करून नळी सावकाश खाली दाबली, लहान मुलाच्या हातातली काठी खाली करावी तशी. मागे एक मडम हसली. धाकूला वाटतं, ती हसली नसती तर विरेमू जगला असता. साहेबांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग तांबडा, आणि त्यांनी वळून धाकूच्या तोंडात मारली. धाकूने काही केलं नव्हतं, तो मागे बंदुकांचा खोका घेऊन उभा होता. दुसरी मारली तेव्हा ओठ दातावर फुटला. मडमा दुसरीकडे बघायला लागल्या. विरेमूने ते सगळं पाहिलं. संध्याकाळी त्याने विचारलं, तू त्याला परत का मारलं नाहीस. धाकू म्हणाला, माझं पोट त्याच्या हातात आहे. विरेमू झऱ्याकडे बघत म्हणाला, इथे राहा. माझ्याकडे जमीन आहे, बटाटे आहेत, डुकरं आहेत. तुझी बाई आण. त्या रात्री धाकूला झोप लागली नाही. मालन त्या वाफेत रताळ्यांची पिशवी सोडते आहे असं त्याला सारखं दिसत राहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला कुणी राहा म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी डुकराची शिकार ठरलेली होती. मडमा आणि दोघे मित्र ओढ्यापाशी थांबले, चढ त्यांना झेपेना. वर गेले ते तिघेच, साहेब, विरेमू आणि धाकू, आणि तीन कुत्रे. माणसापेक्षा उंच नेचे होते तिथे, माडासारखी खोडं असलेले, खाली ओल आणि काळोख. कुत्र्यांनी डुक्कर उठवलं आणि एका कोरड्या ओहोळात कोंडलं. काळं, कुबडासारखी पाठ, सुळे पिवळे. एका कुत्र्याचं पोट त्याने एका झटक्यात उघडलं आणि कुत्रा आतडी ओढत तसाच पुन्हा मानेला जाऊन चावला. बाकीचे दोघे दोन्ही कानांना लटकलेले. साहेबांनी बंदूक लावली. विरेमूने मागे न बघता हात उंच केला, थांबा, कुत्रे मधे आहेत, आणि सुरा घेऊन खाली उतरला. त्याने डुकराचा मागचा पाय धरून उचलला, ते आडवं केलं, आणि सुरा बगलेत मुठीपर्यंत घातला. डुकराची किंकाळी माणसासारखी होती. रक्त त्याच्या कोपरापर्यंत आलं. शिकार संपली होती. साहेबांच्या वाट्याला काही उरलं नव्हतं.

"तू कुठे उभा होतास," वकिलांनी विचारलं.

"साहेबांच्या डाव्या अंगाला. चार हातांवर."

"पाय घसरला का त्यांचा."

धाकूने नळी पाहिली होती. आधी ती डुकराकडे होती, डावीकडे. डुक्कर मेलं. नळी खाली झाली नाही. ती सावकाश उजवीकडे आली, दाराची खीळ सरकवावी तशी, कसली घाई नाही, आणि विरेमू कपाळावरचा घाम पुसत कमरेतून उठत होता तिथे थांबली. धाकूला ओरडायला वेळ होता. एवढा वेळ होता की त्याने एकदा श्वास घेतला आणि सोडला. बार झाला आणि विरेमू डुकरावर बसला. पडला नाही, बसला, पोटावर दोन्ही हात धरून. साहेब म्हणाले, घसरलो. मग त्यांनी धाकूकडे पाहिलं आणि तेच पुन्हा म्हणाले, मी घसरलो, तू पाहिलंस. आठव्या दिवशी मॅजिस्ट्रेटसमोर धाकूने हात वर करून तेच सांगितलं. साहेब घसरले, बंदूक उडाली, माणूस जागच्या जागी मेला. कोर्टाच्या दारात रंगी उभी होती. तो आत जायच्या आधी ती पुढे आली, सगळ्यांच्या देखत तिने त्याच्या कपाळाला कपाळ लावलं, नाकाला नाक. तिला खात्री होती की हा खरं सांगेल. तो श्वास छातीत घेऊन धाकू आत गेला आणि खोटं बोलला.

बोलून झालं तेव्हा ऊन ओटीच्या पायऱ्यांवर चढलं होतं. वकिलांनी गालाला हात लावला. ते म्हणाले की माणसं खाण्याची ती माहिती मी एका पाद्र्याच्या पुस्तकातून घेतली होती. मग त्यांनी दौत जवळ ओढली. म्हणाले, हे तू मला सांगून उपयोग नाही, जिथे सांगायला हवं तिथे सांग, इंग्रजी मी लिहून देतो. एक पत्र मॅजिस्ट्रेटला, एक त्या बहिणीला. पण नीट समजून घे. शपथेवर खोटं बोललास असं तू स्वतःच्या सहीने कबूल करतो आहेस. त्यांनी मनात आणलं तर तुला तुरुंग आहे, आणि साहेब तुला खोटा ठरवायला सगळं बळ लावेल. धाकू म्हणाला, लिहा. वकील लिहू लागले आणि लिहिता लिहिता, सवयीने, उलटतपासणी घेऊ लागले. उजेड किती होता, अंतर किती, कुत्रे कुठे होते. खाली यायला किती वेळ लागला. दोन तास, धाकू म्हणाला. दोघेच रिकाम्या हातांनी, तरी दोन तास? वकिलांनी विचारलं. धाकूने मान खाली घातली. वकिलांचा टाक थांबला.

"मृत्यू कधी झाला, धाकू."

"मला ठावं नाय."

"साक्षीत जागच्या जागी म्हणाला होतास."

"मी निघालो तेव्हा तो जिता होता."

हे त्याने कधी स्वतःलाही सांगितलं नव्हतं. आठवण त्या जागेपाशी आली की बाजूने निघून जायची, ओहोळाच्या कडेने, आणि थेट कोर्टाच्या दारात पोचायची. आता ती आत उतरली. विरेमू बसलेला होता, श्वास शीळ घातल्यासारखा, डोळे उघडे. धाकू त्याला उचलायला खाली उतरला, त्याच्या काखेत हातही घातला. साहेब वरून म्हणाले, तो संपला आहे, डुक्कर उचल. धाकू म्हणाला, साहेब, जिवंत आहे. साहेबांनी बंदुकीत दुसरं काडतूस घातलं. रोखली नाही, नुसतं घातलं आणि कुलूप लावल्यासारखा आवाज करून नळी मिटली. म्हणाले, आपण खाली जाऊन माणसं पाठवू, डुक्कर घेतल्याशिवाय आपण वर काय करत होतो ते कुणाला पटायचं नाही, उचल. आणि धाकूने विरेमूला बाजूला सरकवून त्याच्या खालचं डुक्कर ओढून काढलं. सरकवताना विरेमूच्या तोंडून आवाज निघाला. डुकराचे पुढचे पाय खांद्यावरून छातीशी धरून तो चालायला लागला. डुक्कर अजून ऊन होतं. त्याचं रक्त मानेवरून पाठीत, पाठीतून कमरेत उतरत होतं, नाकाशी ओल्या केसांचा वास, सुळा कानाला घासत होता. एकदा त्याला वाटलं, टाकावं हे आणि मागे पळावं. साहेब मागून चालत होते. त्याने टाकलं नाही. मडमांनी डुक्कर पाहून टाळ्या वाजवल्या, आणि मग साहेबांनी त्यांना बाकीचं सांगितलं. पुढे साहेबांनी पैसे देऊन गप्प केलेली हॉटेलची माणसं वर पोचली तेव्हा विरेमू ओहोळातून दहा हात पुढे सरपटत येऊन मेलेला सापडला. खाली, वाटेच्या दिशेने.

वकिलांनी ते सगळं लिहिलं. शेवटी धाकूने सही केली, मोडीत. घरी जाऊन त्याने तेच मालनला सांगितलं, रताळ्यांसकट. ती ऐकून घेऊन दळायला बसली. मग म्हणाली की त्या बाईचा भाऊ गेला आणि माझं हाड मोडलं, साहेबाचं काय मोडलं. शिमग्याच्या आधी पत्रं गेली. धाकू चिरेखाणीवर कामाला लागला. दिवसभर जांभ्यावर टिकाव घालायचा, तांबडी धूळ नाकातोंडात जायची, आणि दुसरीकडे कुठे काही घडत असेल तर ते त्याला कळत नव्हतं. पोलीस येतील म्हणून सुरुवातीला तो प्रत्येक टोपीकडे बघायचा. कुणी आलं नाही. मॅजिस्ट्रेटचं उत्तर आलं नाही. लॅटिमर साहेब विलायतेला परत गेले, एवढं मुंबईहून आलेल्या एका माणसाकडून कळलं. पाऊस लागला, आगबोटी बंद झाल्या, टपाल घाटाने उतरायला लागलं. श्रावण संपत आला असताना वकिलांचा निरोप आला. तो भिजलेलाच गेला. ओटीवर वकिलांनी पाकीट उघडून ठेवलं होतं. ते आधी वाचून बसले होते हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मराठी करून त्यांनी सावकाश वाचलं.

रंगीने लिहिलं होतं की तुझं पत्र पोचलं. आम्ही ते सगळ्यांना जमवून वाचलं, आणि भावाला पुरलं तिथे जाऊनही वाचलं. गोळी कुणी घातली हे आम्हाला तेव्हाच ठाऊक होतं. लढाईतून आलेला माणूस घसरणाऱ्याच्या बंदुकीपुढे उभा राहत नाही. तो जिवंत होता हे ठाऊक नव्हतं. माझी आई ते ऐकल्यापासून जेवलेली नाही. तुला माफ करायचं की नाही हे मी एकटीने ठरवायचं नाही, आणि गावाने अजून ठरवलेलं नाही. मला एकच हवं आहे. तो काही बोलला का, ते तू लिहिलं नाहीस. काही बोलला नसेल तर तसं लिही.

पन्हळीचं पाणी अंगणात पडत होतं. वकिलांनी पत्राची घडी घातली, उघडली, पुन्हा घातली. या सहा महिन्यांत ते धाकूशी एकदाही चढ्या आवाजात बोलले नव्हते. आता ते खाली बघत, जवळजवळ लाजल्यासारखे म्हणाले, "बहिणीचं नाव घेतलं, असं लिहू का. त्या म्हातारीला तेवढाच आधार. साक्षीत त्याने काही फरक पडत नाही, आणि विचारायला तिथे दुसरं कुणी नव्हतं."

धाकूला ते दिसलं. वाफेच्या गावात रंगी पत्र वाचते आहे, म्हातारी डोळे पुसते आहे, ताट पुढे ओढते आहे. इतकं सोपं होतं. एक ओळ. त्यात कुणाचं वाईट नव्हतं. तो विरेमूच्या काखेत हात घालून ओणवा झाला होता तेव्हा विरेमूचं तोंड त्याच्या कानाशी आलं होतं, आणि त्याने तो एकच शब्द तीनदा उच्चारला होता, इंग्रजीत, धाकूला कळेल अशा बेताने, सावकाश.

"नाय," धाकू म्हणाला. "नाव नाय घेतलान. पाणी मागितलान."

वकिलांनी वर पाहिलं.

"साहेबाची पाण्याची बाटली माझ्या खांद्याला होती," धाकू म्हणाला. "भरलेली. साहेबाची म्हणून मी ती उघडली नाय. असं लिवा."